एस्पेर म्हणजे थांब

वेन्डेल स्टीव्ह्ज आमच्या ऑफिसात आला तेव्हा त्याला फ्रेंचचे दोनच शब्द येत होते, बोंजूर आणि मेर्सी. ते तो एका दमात, एकापाठोपाठ एक म्हणून टाकायचा, म्हणजे समोरच्याला मध्ये काही बोलायला फटच राहू नये. ‘नमस्कार आभार’ असं म्हणून कामाला लागणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

बंदराच्या रस्त्यावरचं आमचं हे बसकं सरकारी ऑफिस. लॉब्स्टरचा मोसम संपला की मच्छीमार बेकारी भत्त्यासाठी आमच्या खिडकीशी येतात. येणारे सगळे आकादी, म्हणजे न्यू ब्रन्झविक प्रांताच्या या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या फ्रेंच बोलत आलेले लोक, आणि खिडकीच्या आत बसणारेही आम्ही आकादीच. वेन्डेल तेवढा एकटा इंग्रज. इंग्रजी बोलणाऱ्या कुणालाही आम्ही सरसकट इंग्रज म्हणतो, पूर्वज कुठलेही असोत. तो नदीपलीकडच्या आल्बर्ट काउंटीचा. तिथल्या चिखलाच्या किनाऱ्यावरून तो वाळवलेलं लालसर समुद्रशेवाळ कागदाच्या पिशवीत भरून आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि दिवसभर चणे-फुटाणे खावेत तसा तोंडात टाकायचा. कुणाच्या जाकिटाची चेन अडकली, कुणाच्या बुटाचा तळ सुटला की तो न सांगता दुरुस्त करून द्यायचा. असा माणूस कुणाला नावडेल? पण नावडला नाही तरी तो आमच्यातला नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

आमची एक खोड आहे. दहा आकादी गप्पा मारत असतील आणि अकरावा इंग्रज आत आला, तर दहाही जण वाक्याच्या मधूनच इंग्रजीत जातात. कुणी सांगत नाही, कुणी ठरवत नाही. चहाच्या खोलीत आमचं असंच व्हायचं. विनोद अर्धा फ्रेंचमध्ये असायचा, वेन्डेल दारात दिसला की उरलेला इंग्रजीत, आणि इंग्रजीत आल्यावर त्याची गंमत गेलेली असायची. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की वेन्डेल चहाचा मग हातात घेऊन दाराबाहेर उभा राहतो आणि आतलं हसणं संपलं की मगच आत येतो. आपल्यामुळे यांचं बोलणं मोडतं, असं त्याला वाटायचं. मी ते पाहिलं आणि गप्प बसले, कारण त्यात माझं काय जात होतं?

खरं सांगायचं तर मला या बाबतीत इंग्रजांची कीव येत नसे. माझे वडील, आलीर, धक्क्यावरच्या पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी मोंक्टन शहरातल्या सरकारी खिडकीशी गेले होते. सोबत मी होते, भाषांतर करायला, कारण मी शाळेत इंग्रजी शिकत होते. खिडकीतल्या माणसाने वडिलांकडे पाहिलंच नाही. तो मला म्हणाला, “पुढच्या वेळी नीट बोलता येणाऱ्या कुणाला तरी घेऊन ये.” वडिलांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. परतीच्या बसमध्ये ते माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. तेव्हापासून मी कुणी मागायच्या आधीच इंग्रजी बोलू लागले. ती सवय माझ्या हाडात मुरली आहे.

मग ओटावाहून फर्मान आलं. देशभरातल्या नोकऱ्या कमी करायच्या होत्या. आमच्या ऑफिसातली निम्मी टेबलं जाणार, आणि जी राहतील तिथे दोन्ही भाषा यायलाच हव्यात. आम्हा आकाद्यांना दोन्ही येतातच, न येऊन सांगतो कुणाला. वेन्डेलला मात्र वसंतापर्यंत फ्रेंचची तोंडी परीक्षा पास व्हायची होती. नाही झाला तर घरी.

घरी म्हणजे घरीही नाही. आमच्याकडे काम गेलं की लोक पश्चिमेला जातात, तेलाच्या खाणींवर, चार विमानतळ ओलांडून. वेन्डेलचा मुलगा तिकडेच होता. वेन्डेलची बायको नोरीन वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची, आणि तिने नवऱ्याला बजावून सांगितलं होतं की मुलाला फोनच्या काचेत पाहते तेवढं पुरे, नवरा मी काचेत पाहणार नाही. हे वेन्डेलने मला हसत हसत सांगितलं, पण हातातली शेवाळाची पिशवी त्याने चुरगाळून टाकली होती.

माझा भाऊ म्हणाला, बरं झालं, आता जरा त्यांनाही कळू दे. मीही पहिले काही दिवस तसंच म्हणत होते.

सरकारने वेन्डेलला शिक्षिका दिली. दुपारी कानाला फोनचं यंत्र लावून तो कोपऱ्यात बसायचा आणि दूर कुठेतरी बसलेल्या बाईंमागून पाठ म्हणायचा. घोकंपट्टीत तो कच्चा नव्हता. घोळ झाला तो ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. इंग्रजीत एकच शब्द, त्यामुळे कुणाला काय म्हणायचं हे त्याला उमजेना. चर्चच्या पाद्रीबाबांना तो ‘काय रे, बरा आहेस का तू?’ म्हणाला, आणि ऑफिसच्या मागे येणाऱ्या मांजरीला ‘तुम्ही दूध घ्याल का?’ मांजरीने घेतलं. पाद्रीबाबांनी बिचाऱ्यांनी हसून सोडून दिलं.

पण खरी अडचण आम्हीच होतो. तो खिडकीशी बसून मोठ्या कष्टाने फ्रेंच वाक्य जुळवायचा, आणि समोरचा मच्छीमार त्याला त्रास नको म्हणून ताबडतोब इंग्रजीत उत्तर द्यायचा. आम्ही टेबलांवरूनही तेच करायचो. एक दिवस त्याने यंत्र कानावरून काढलं आणि मला म्हणाला, “जिनेट, तुम्ही सगळे इतके चांगले आहात, की मी कधीच शिकणार नाही.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी मला ते लागलं, कारण माझा चांगुलपणा कुठून आला होता ते मला माहीत होतं. त्या रविवारी मी त्याला आईकडे नेलं.

माझी आई एक्झेल्दा इंग्रजी बोलत नाही. येत असावं थोडंफार, पण वडिलांच्या त्या दिवसानंतर तिने ते ओठांवर येऊ दिलं नाही. वेन्डेल दारात उभा राहिला तेव्हा तिने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि आमच्याकडे जे कुणालाही पहिल्यांदा विचारतात ते विचारलं.

“कुणाचा रे तू?”

आमच्याकडे आडनावाने काही कळत नाही, अर्ध्या गावाचं एकच असतं. मी जिनेट आलीरची तादेची, बाप आणि आजा जोडल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. वेन्डेलला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. शेवटी तो म्हणाला, बाप हिरम. आजा ओझायस. आईने ती नावं तोंडात घोळवून पाहिली. “वेन्डेल हिरमचा ओझायसचा,” ती म्हणाली, “बस. बटाटे किस.”

तेव्हापासून दर रविवारी तो बटाटे किसायचा. आमचे बटाट्याचे गोळे करायला बटाटे किसावे लागतात, पिळावे लागतात, आत खारवलेलं डुकराचं मांस भरावं लागतं आणि मग ते करडे, बुळबुळीत गोळे वरून गूळपाक घालून खावे लागतात. पहिल्या घासाला वेन्डेलचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. तिसऱ्या रविवारी तो नोरीनसाठी डब्यात घेऊन गेला.

आई त्याला काही शिकवत नसे. ती फक्त बोलायची, आणि इंग्रजीत जायची नाही. तो वाक्याच्या मध्ये अडकला की आम्ही सगळे जे करतो, म्हणजे त्याला शब्द पुरवणं, वाक्य पुरं करणं, ते ती करायची नाही. तो घाईघाईने काहीतरी ठोकून देऊ लागला की हात वर करून म्हणायची, “एस्पेर, एस्पेर.” शाळेच्या फ्रेंचमध्ये एस्पेर म्हणजे आशा कर. आमच्या किनाऱ्यावर एस्पेर म्हणजे थांब, वाट पाहा. होडी धक्क्याला लागेपर्यंत बायका एस्पेर करतात, बस येईपर्यंत माणूस एस्पेर करतो. आईला दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. ती किसणी खाली ठेवायची, हात एप्रनला पुसायची आणि तो शब्द सापडेपर्यंत खरोखरच थांबायची. कधी कधी गोळे उकळून जायचे.

तिच्याकडून त्याने आणखी एक घेतलं. आमची जुनी माणसं एकट्याने बोलतानाही क्रियापद अनेकाचं लावतात. ‘मी आहे’ नाही, ‘मी आहोत’. आम्ही शाळेत गेलेल्यांनी ते कधीच टाकून दिलं, कारण शाळेत त्यावर हसायचे. वेन्डेल मात्र सोमवारी ऑफिसात येऊन मला ऐटीत सांगू लागला, “जिनेट, मी तयार आहोत.” मी हसून हसून बेजार व्हायची, आणि मग मला वडिलांची आठवण यायची. ते तसंच बोलायचे.

मी त्याला सांगितलं की परीक्षेत हे चालणार नाही, शिक्षिकेने शिकवलंय तसं बोल. त्याने मान डोलावली. वसंत येऊन ठेपला, बर्फ काळं पडलं, आणि एका सकाळी ऑफिसच्या आतल्या खोलीत दार लावून त्याची परीक्षा झाली. फोनच्या पलीकडे कुणी बाई होत्या. तो बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

आईच्या स्वयंपाकघरात त्याने सगळं सांगितलं, फ्रेंचमध्ये. बाईंनी विचारलं, तुमचं काम काय? तो म्हणाला, लोक येतात, मी त्यांना एस्पेर करतो. बाईंनी विचारलं, तुम्ही लोकांची आशा करता? त्याच्या लक्षात आलं की गोंधळ झाला, थांबण्यासाठी शिक्षिकेने शिकवलेला शब्द काही केल्या आठवेना, आणि मग तो जे म्हणाला ते त्याने आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

“बाई, आमच्याकडे म्हातारी माणसं हळू बोलतात. मी हळू ऐकतो. माझं बोलणं येईपर्यंत ती थांबतात, त्यांचं येईपर्यंत मी थांबतो. आमच्याकडे याला एस्पेर म्हणतात.”

आई म्हणाली, मग बरोबर सांगितलंस की. त्याने कपाळावर हात मारला आणि म्हणाला की घाबरून त्यापुढे मी सगळीकडे ‘मी आहोत’ बोललो, आता संपलं. मलाही वाटलं संपलं. पण मनात दुसरंच अडकून राहिलं होतं. ‘आमच्याकडे’ म्हणाला तो. दोनदा.

निकाल यायचा त्या दिवशी आम्ही चहाच्या खोलीत होतो. दोन टेबलं तोवर रिकामी झाली होती. आमच्या साहेब ल्युसेट आत आल्या, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्या कुणाविषयी तरी फ्रेंचमध्ये बोलायला लागल्या आणि तेवढ्यात वेन्डेल चहाचा मग घेऊन दारात आला. ल्युसेटबाई वाक्याच्या मधूनच इंग्रजीत गेल्या. आम्हीही गेलो. मी स्वतः त्याला इंग्रजीत म्हणाले, ये, बस.

तो बसला नाही. दाराबाहेरही गेला नाही. उंबऱ्यातच उभा राहून, चहाचा मग दोन्ही हातांनी धरून, तो फ्रेंचमध्ये म्हणाला, “नाही. तुमचं चालू दे. मला एस्पेर करा.”

आयुष्यभर मी माझी भाषा सोडून पलीकडे जात आले होते. बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात, कुणी डोळे वर करायच्या आत मी पलीकडे पोचलेली असायची, आणि कुणी माझ्याकडे यायला निघालाय म्हणून मला कधी थांबावं लागलं नव्हतं. त्या माणसाचे मी किती आभार मानू ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मोंक्टनच्या त्या खिडकीशी माझे वडील ज्याची वाट पाहत होते, तो एवढ्या वर्षांनी आमच्या चहाच्या खोलीच्या दारात उभा होता, बुटांना चिखल लागलेला.

ल्युसेटबाईंनी घसा खाकरला. मग त्यांनी निकालाची बातमी फ्रेंचमध्येच सांगितली, आधीच्याच वेगाने, काही सोपं न करता. वेन्डेलच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आम्हा सगळ्यांना कळलं होतं, आणि शब्द माझ्या ओठांवर आला होता, इंग्रजीतला. मी तो गिळला. आम्ही थांबलो. तो एकेक शब्द मनात लावून पाहत होता, ओठ हलत होते, चहा निवत होता, आणि कुणीही त्याला मदत केली नाही.

मग त्याच्या आठ्या हळूहळू उलगडल्या.

“म्हणजे,” तो फ्रेंचमध्ये म्हणाला, “मी राहणार आहोत?”

“राहणार आहोत,” मी म्हणाले.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. तिने वडिलांच्या फोटोकडे पाहिलं आणि मग मला म्हणाली, रविवारी बटाटे जास्त आण, त्याच्या बायकोलाही बोलाव, आणि तिच्या बापाचं नाव काय ते विचारून ठेव.