बिहीच्या काड्या

स्तामेंका चुलीवरच्या कॉफीवर डोळा ठेवून उभी होती, तेवढ्यात दार वाजलं. गावात आता दार वाजवणारं कुणी उरलं नव्हतं. शेजारची देसांका होती तोवर ती न वाजवताच आत यायची. तीही ऑगस्टअखेर शहरात राहायला गेली. म्हणजे हा कोळशाच्या खाणीचा माणूस.

अंगणातलं बिहीचं झाड स्तामेंका लग्न होऊन आली त्या वर्षी रादोयनं, तिच्या नवऱ्यानं, लावलेलं. त्याची फळं कपाटावर मांडली की खोली हिवाळाभर दरवळायची. या वसंतात खाणीसाठी गावाची दफनभूमी हलवली, आणि रादोयची कबर उघड्याबोडक्या माळावर गेली. त्याच्या उशाशी याच झाडाची एक काडी रुजावी, एवढंच तिच्या मनात होतं.

जूनमध्ये तिनं कोवळे शेंडे मातीत खोचले. आठवड्यात काळे पडून कुजले. देसांका म्हणाली, "चोरलेलंच रुजतं गं. आणि स्वतःच्या झाडावर तू काय डल्ला मारणार?" मग ऑगस्टमध्ये देसांकाच कुंपणावरून वाकून अर्धवट निबर झालेल्या फांद्या चोरून घेऊन गेली. स्तामेंका घरात पाठ फिरवून हसू दाबत बसली. त्या फांद्यांनी बुडाशी पांढरी गाठ धरली. मूळ काही फुटलं नाही.

चोरी कमी पडली नव्हती, लाकूड तयार नव्हतं. पानं गळून झाड झोपलं, की पेन्सिलीएवढ्या जाड काड्या घ्यायच्या आणि थंडीभर ओल्या वाळूत पुरायच्या. म्हणजे नोव्हेंबर.

खाणीच्या रातोमिरनं दारातच टोपी काढली. तिनं रीतीप्रमाणे बिहीचा मुरंबा चमचाभर आणि पाणी पुढं केलं. त्यानं खाल्लं, आणि चमचा बशीत ठेवता ठेवता सांगितलं, की यंत्रं येत्या सोमवारी येणार. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घर, गोठा, झाड, सगळं सपाट.

तिनं खिडकीतून पाहिलं. झाड अजून हिरवंगार होतं, पिवळं पान एकही नव्हतं.

"फ्लॅट तरी बरा मिळालाय ना, आजी?"

"चौथा मजला आहे, बाळा. तिथवर माती चढायची नाही, आणि मीही."

तारीख आपल्या हातात नाही, असं तो पुटपुटला. ते तिला ठाऊक होतं. पंधरा दिवसांनीही पानं गळायची नाहीत, हेही ठाऊक होतं. थंडी अवेळी आली तरच. कॉफी केव्हाच उतू गेली होती.

"तारीख नको बदलूस," ती म्हणाली. "आधी घर पाडा. झाड शेवटी."