बाज कुणाच्या दारी

मनकर्णाबाईचं कुणाशी वाकडं नव्हतं, फक्त धाकट्या जावेचं नाव तिच्यापुढं काढायचं नाय. बजाजनगरात दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लागून. थोरला काकासाहेब तिचा नवरा, धाकटा सांडू आशाबाईचा. सासरे नानासाहेब पहिल्यापासून थोरलीकडं. त्यांचं पथ्यपाणी, औषध, धोतरं, खोकला, सगळं मनकर्णाबाईनं बावीस वर्षं काढलं. अन् कौतुक? आशाबाईचं! तिनं महिन्यातून एकदा वाटीभर पिठलं नेऊन दिलं, की म्हातारा गल्लीभर सांगायचा, "आशीच्या हाताला चव हाय." आता बोला! बावीस वर्षं जी दोन टाईम भाकरी थापतीय, तिच्या हाताला काय माती लागलीय?

एका आषाढात नानासाहेबांनी देवगाव रंगारीहून बांबूची दोन रोपं आणली. अंगणात ऊन लई, सावली व्हईल म्हणून. एक थोरलीच्या अंगणात लावलं, एक धाकटीच्या. हात झटकत म्हातारा हसून बोलला, "जिचा बांबू आधी छताला लागंल, तिच्या दारी माझी झोपायची बाज."

आशाबाई खळखळून हसली. मनकर्णाबाईनं मात्र ते खरंच धरलं. बाज हलली तर गल्ली काय म्हणंल? थोरलीनं म्हाताऱ्याला नीट बघितलं नाय, असंच ना!

तिनं पदर खोचला. शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. वाऱ्यानं हलू नये म्हणून बुडाशी तीन लोखंडी गज ठोकले अन् रोप सुतळीनं तीन ठिकाणी आवळून टाकलं.

"अगं, जरा सैल बांध. हलू दी त्याला," नानासाहेब म्हणाले. पण ऐकंल ती मनकर्णाबाई कसली?

आशाबाईनं आपली एक काठी रोवली, सुतळीचा सैल वेढा दिला अन् विसरून गेली. वर्ष फिरलं अन् गंमत बघा, विसरलेलाच बांबू जोमानं वाढला. रोज सकाळी मनकर्णाबाई मिश्री लावत भिंतीवरून डोकवायची. कालच्यापेक्षा चार बोटं वर! तिला चहा गोड लागायचा नाय.

नागपंचमीला आशाबाई सांडूला घेऊन माहेरी सिल्लोडला गेली. "बाई, झाडाला तेवढं पाणी घाला," म्हणत फाटकाची किल्ली तिनं मनकर्णाबाईच्याच हातात दिली. पंचमीला काही चिरायचं नाय, कापायचं नाय, म्हणून मनकर्णाबाईनं विळी अन् विळा आदल्या दिवशीच फळीवर ठेवले होते. उभ्या जन्मात तिनं त्या दिवशी मेथीचं पान चिरलं नव्हतं.

दुपारी आभाळ भरलं, वारं सुटलं. ती बादली घेऊन जावेच्या अंगणात गेली अन् तो बांबू बघून तिचं डोकंच फिरलं. सुतळीची गाठ भिजून गच्च झालेली, सुटंना. ती घरी आली, फळीवरचा विळा काढला अन् जाऊन सुतळी कापली. "पड मेल्या आता!"

सकाळी बघती तर आशाबाईचा बांबू जरा कललेला, पण उभा. वाऱ्यासंगं वाकला होता, वारं गेल्यावर उठला. मनकर्णाबाईचा मात्र वरच्या सुतळीपाशी मोडून लोंबत होता. त्याला हलायला जागाच नव्हती.

नानासाहेब धाकटीच्या अंगणातून सुतळीचा कापलेला तुकडा घेऊन आले. "मनकर्णे, पंचमीला विळा कुणी चालवला?"

तिला खोटं बोलता येईना. "मी. पडावा म्हणून कापली," म्हणत ती रडायलाच लागली. "न्या तुमची बाज तिकडं. तिच्याच हाताला चव हाय!"

म्हातारा सुतळीचा तुकडा टाकून खाली टेकला. "येडी का खुळी? बाजेचं मी थट्टेनं बोललो. कुणी पिठलं आणून दिलं तर वाखाणावं लागतं. घरच्या भाकरीला कुणी चांगली म्हणतं का?"

"म्हणावं!" ती डोळे पुसत फणकारली. "बावीस वर्षांत एकदा तरी म्हणावं!"



मनकर्णाबाईनं जावेच्या बांबूला नवी सुतळी बांधली, सैल. मग चूल पेटवली. नानासाहेबांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला, सावकाश चावला अन् ताटाकडं बघतच म्हणाले, "भाकर चांगली झालीय."

तिनं ऐकलंच नाय असं दाखवलं. त्यांना दोनच भाकरी लागायच्या, तरी तव्यावर तिसरी टाकली.