मालिनीबाईंची खिडकी

सकाळचे साडेआठ. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. विष्णुपंत गालावर फेस घेऊन "माझा टॉवेल कुठाय?" म्हणून घर डोक्यावर घेत होते. टॉवेल त्यांच्याच खांद्यावर होता. मालिनीबाई तसं सांगणार, तेवढ्यात दार वाजलं.

दारात सुदाम, उल्हासनगरच्या ट्रॅव्हल एजंटचा माणूस. "काकू, बधाई हो! जावईसाहेबांचा फोन होता. तुमचं अमेरिकेचं तिकीट काढायला सांगितलंय. मागच्या वेळचंच विमान, सगळ्यात सस्ता."

लेकीचं, वृंदाचं, दुसरं बाळंतपण. जायचं तर होतंच. पण दोन वर्षांपूर्वीचा तो प्रवास मालिनीबाईंचे पाय अजून विसरले नव्हते.

विष्णुपंतांनी जन्मात विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. तरी कंपनीच्या कँटीनमध्ये बसून विमानातलं सगळं त्यांना कळलं होतं. त्या वेळी एजंटला पेढ्यांचा पुडा देऊन त्यांनी बायकोसाठी खिडकी मिळवली आणि घरापासून थेट शिवमंदिरापर्यंत भेटेल त्याला सांगितलं, "खिडकी घेतलीय हो हिला!"

खिडकीतून दिसला तो विमानाचा पंख. उजेडात करडा, अंधारात काळा. मालिनीबाईंची खुर्ची मागे होईना, पुढच्याची मात्र त्यांच्या हनुवटीला टेकलेली. पायाशी डिंकाच्या लाडवांचा डबा, कारण "सामानात टाकलेस तर भुगा होईल" हा पंतांचा हुकूम. शाकाहारी जेवण म्हणजे गार पाव आणि काकडीच्या तीन चकत्या. आणि पलीकडे, वाट अडवून, दोन धिप्पाड परके पुरुष तोंडं उघडी टाकून घोरत होते. त्यांना हलवून उठवायचं, तेही संडासला जायचंय म्हणून? मालिनीबाई बी.ए. होत्या, पण ते काही बी.ए.ला शिकवलेलं नव्हतं. त्यांनी पाणी पिणंच सोडलं. नऊ तास. मधल्या विमानतळावर सुजलेले पाय चपलांत शिरेनात, तेव्हा चपला पिशवीत घालून त्या अनवाणी चालल्या. पुढच्या विमानातही खिडकीच! पेढे लांबवर पोचले होते.

बाळंतपण करायला गेलेल्या आईचे पाय दिवस भरत आलेल्या लेकीनंच पहिले तीन दिवस शेकले.

हे त्यांनी इथे कुणालाच सांगितलं नाही. सांगायला वाव कुठे होता? त्या परत आल्यावर कुणीही विचारलं, की पंतच सुरू होत, "ढग म्हणजे नुसता पिंजलेला कापूस!"

आताही ते फेसासकट दाराशी आले. "सुदाम, खिडकी हं! शेठला म्हणावं, पेढे आणतो."

"अंकल, टेन्शन नाही. खिडकी पक्की."

"हिला फार आवडते."

मालिनीबाईंनी आत जाऊन गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या.

"मला नाही आवडत."

पंतांचा वस्तरा हवेतच राहिला. "अगं, खिडकीसाठी लोक जीव टाकतात!"

"टाकू देत. तुम्हाला हौस असली तर तुम्ही चला, बसा खिडकीत, आणि लाडवांचा डबा धरा मांडीवर."

सुदाम हसू दाबत वही उघडून उभा राहिला. "मग काकू, काय लिहू?"

"सुदामभाऊ, मला मधल्या वाटेकडची जागा द्या. संडासाजवळची असली तरी चालेल."