ओल्या चिऱ्याचा ओटा

आमची चूल जमिनीवर होती, सगळ्यांचीच असते तशी. शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर मातीची चूल, बाजूला दुसरं भांडं ठेवायचा वैल, पुढे निखारे ओढायची जागा. बसून रांधायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण पौषात पोर रांगायला लागली आणि मला चुलीखेरीज दुसरं काही दिसेना.

त्याच्या आदल्या वर्षी वाडीतल्या एका पोरानं निखारा खेळणं म्हणून मुठीत धरला होता. ती मूठ मी बघितली होती. म्हणून मी काय करायची, जुन्या लुगड्याची पट्टी पोरीच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक मोरीजवळच्या खांबाला. सगळ्या बायका बांधतात. तरी भात ढवळताना मी चारदा मागे बघायची, आणि भात लागायचा.

सासूबाई म्हणायच्या, "सात वाडवली मी या चुलीपुढं. एकाला डाग नाय."

"पण आये, त्या शेजारच्या पोराचा हात…"

"त्याच्या आयशीचं लक्ष नव्हतं."

मग मी पट्टीची गाठ पुन्हा आवळायची. माझं लक्ष आहे की नाय हे मलाच ठाऊक नव्हतं.

पापड लाटायला आम्ही चौघीजणी दापोलीत एका वकिलाच्या घरी गेलो होतो, तिथं मी पहिल्यांदा ओटा बघितला. बाई उभ्यानं रांधत होत्या. ओटा त्यांच्या कमरेइतका, वर शहाबादी फरशी, फरशीच्या कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे सांडलं तरी खाली येत नाय, आणि भिंतीत भोक, तिथून पाणी बाहेर. छपरात चुलीच्या बरोबर वर एक काचेचं कौल, सगळा उजेड टोपात. त्यांचं दोन वर्षांचं पोर खाली फिरत होतं, मोकळं, आणि त्या वळून बघतही नव्हत्या. मी पापड सोडून ओटा हातानं मोजला. साडेचार विती.

मी चौथीपर्यंत शिकलेली, पत्र लिहिता येतं. मुंबईला ह्यांना लिहिलं, उत्तर आलं, करा. सासूबाईंनी पत्र ऐकलं आणि हसल्या.

"उभ्यानं रांधणार? मग आम्ही काय उभ्यानं जेवायचं?"

पण त्यांचे गुडघे धरलेले होते, चुलीपुढून उठताना भिंत धरायच्या. दोन दिवसांनी म्हणाल्या, "घाल तुझा ओटा. पण चुलीचं तोंड उगवतीकडं पायजे, ते मी बघणार."

फाल्गुनात मिस्त्री आले. जांभ्या दगडाचे चिरे खाणीतून आदल्या दिवशीच आणलेले, हात लावला तर गार. मिस्त्रींनी एकावर बोट दाबलं आणि मला दाराआडून ऐकू येईल असं म्हणाले, "वयनी, चिरा ओला हाय अजून. म्हयनाभर उनात पडू द्या. भिंतीला चालंल, आगीला नाय चालणार."

मी म्हटलं, "मिस्त्री, पोर थांबायची नाय म्हयनाभर."

त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तिला घाई हाय. घाला."

तीन दिवसांत ओटा उभा राहिला. काठ नंतर करू म्हणाले, चुना संपला होता. जाताना बजावून गेले, पंधरा दिवस नुसती शेणी पेटवा, मंद, धूर निघू दे, लाकूड नको. तोवर जुन्या चुलीवरच रांधा.

चार दिवस मी शेणी पेटवली. पाचव्या दिवशी पट्टीची गाठ सुटली आणि पोर जुन्या चुलीपाशी जाऊन बसली. काही झालं नाय. मी उचलली तेव्हा तिच्या हातात नुसती राख होती. पण मी तिची बोटं एकेक पुसून बघितली. मी जुनी चूल विझवली, पोरीला खांबाला बांधली, ह्या वेळी दोन गाठी मारल्या, आणि ओट्यावर लाकडं घालून भाताचा टोप चढवला.

भाताला उकळी आली आणि चिरा फुटला. फटाका फुटावा तसा आवाज झाला, चुलीची एक बाजू खचली, टोप कलंडला आणि ओट्यावरून खाली आला. भात तिथंच पडला. पाणी मात्र उताराला लागलं. घरातला उतार मोरीकडे असतो, आणि पोर मोरीजवळच्या खांबाला.

मी गाठी सोडायला गेले. दोन गाठी. सुटेनात.

सासूबाईंनी जुन्या चुलीशेजारची राखेची पाटी उचलली आणि पाण्यापुढे पालथी केली. राखेचा बांध झाला. पाणी तिथं थांबलं, थोडं राखेखालून आलं आणि त्यांच्याच तळपायांना लागलं. मग त्यांनी विळीवर पट्टी कापली आणि पोर माझ्या कडेवर दिली. पोर रडतही नव्हती. मीच रडत होते.

दुपारी त्या पायांना खोबरेल लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझी चूल सांडली तर बसल्या जागी सांडते. तुझी चालत येते."

"आये, मोडून टाकू का ओटा?"

"मोडतेस कशाला? गुडघे माझे काय तू घेणार हायस?"

मिस्त्री आले, फुटका चिरा बघितला आणि बाकीचे काढून अंगणात मांडले. वैशाखभर चिरे अंगणात उन्हात पडले होते, मी रोज उलटायची. मग ओटा पुन्हा घातला, आधी काठ मागितला, भिंतीत भोक, आणि मोरीचा उतार दुसरीकडे वळवला. काचेचं कौल सासूबाईंनी स्वतःहून मागवलं. पोरीला आता बांधत नाय. दाराला गुडघाभर फळी लावली आहे, ती पलीकडे उभी राहून ओरडते.

ती आता चालते. दर अमावास्येला मी तिला ओट्याला टेकवून उभी करते आणि तिचा हात वर करून बघते. पहिल्यांदा काठाला वीतभर कमी होता. ह्या वेळी चार बोटं.

छपराची कौलं चाळून नीट बसवायला मिस्त्री आले होते, त्यांना विचारलं, ओटा आणखी वीतभर उंच होईल का.

"होईल की," म्हणाले, "पण वयनी, मग तुमचा हात पोचायचा नाय."