प्रवाळावर टेकलेले गुडघे

चाळिशी उलटल्यावर मी दादरच्या तलावात पोहायला शिकले आणि त्याच नादात स्कूबाही. भोईवाड्यात आई म्हणाली, "मासे बाजारात गावतत गो, त्यांका बघूक खाली कित्याक जातंस?"

आमच्या गटाचे म्होरके गिरगावातले एक निवृत्त साहेब. "जिथे माणसाचा पाय पडलेला नाही तिथेच मी डुबकी मारतो," हे ते दर भेटीत ऐकवायचे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहाजण अंदमानातल्या असल्याच एका आडबाजूच्या बेटावर गेलो. बेटावर चांगली शाळा होती आणि आमचा होडीवाला तिथेच जन्मलेला. साहेबांनी त्याला तिथल्या समुद्राची माहिती दिली. त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतली.

पाण्याखाली मी साहेबांची जोडीदार. प्रवाळाचं रान दिसताच हे महाशय फोटोसाठी त्यावर गुडघे टेकून बसले. फांद्या कडाकड मोडल्या. मी उठायची खूण केली, तर त्यांनी खुशीत अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला', एवढंही या जाणत्याला ठाऊक नव्हतं. टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा तर त्यांनी पाहिलाच नव्हता. थोड्या वेळाने डोळे पांढरे करून त्यांनी माझ्यावर झडप घातली. मी माझी जादा नळी त्यांच्या तोंडात दिली, पट्टा धरला आणि सावकाश वर आणलं.

होडीत ओकून झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम घाबरल्या होत्या, म्हणून वर घेऊन आलो."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून किळस येते.

महिन्याभराने गिरगावात त्यांचं 'समुद्र वाचवा' या विषयावर व्याख्यान झालं. शाल, श्रीफळ, पडद्यावर तोच फोटो, आणि मला वाचवल्याची कथा. मी उठले.

"साहेब, गुडघ्याखाली काय आहे?"

"वाळू."

"फोटो मोठा करा ना जरा."

मशीनवाल्याने केला. मोडलेल्या फांद्या सगळ्यांनी पाहिल्या.

"आणि हवा कुणाची संपली होती?"

"प्रश्न शेवटी घेऊ," ते पुटपुटले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गटातून काढलं. आठवडाभरात तिघंजण आपणहून बाहेर पडले. आता आम्ही चौघं एकत्र जातो, आणि कुठे उतरायचं ते तिथल्या होडीवाल्याला विचारतो.