खिडकीवरचं कुंकू

औंढ्याचे आबा वलवणच्या आमच्या प्रयोगशाळेचे रखवालदार. बोलण्याआधी टोपी काढायचे, बोलून झालं की घालायचे.

रॉकेटातून वर जाणाऱ्या आमच्या पेटीला केसाहून पातळ पत्र्याची खिडकी होती. दूरच्या आकाशगंगांचे अंधुक क्ष-किरण तिच्यातूनच आत यायचे. खंडेनवमीला आबांनी हत्यारं पुजली, खिडकीलाही कुंकू लावलं. बोट आरपार गेलं.

मी तोंडाला येईल ते बोललो.

आबांनी टोपी काढली. "तिलाच आदी लावलं, साहेब. तुमी तिला लय जपता." टोपी हातातच राहिली.

पुढच्या खंडेनवमीला प्रत्येक पान्यावर झेंडू होता. पेटीचं फूल मात्र आबांनी खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. ते मीच उचलून पेटीवर ठेवायला हवं होतं. मी ते ओलांडून आत गेलो.