औषधाच्या चिठ्ठीवरचं इंग्रजी

अगं बाय, तू समोर बसली आहेस असं समजून लिहिते, तोंड वर कर. तुझ्या आईने सांगितलं मला फोनवर. बँकेच्या परीक्षेचा सराव-पेपर, त्यातला इंग्रजीचा भाग तू अर्ध्यात टाकलास आणि दार लावून बसलीस. वर ताकीद, "आजीला सांगू नका, ती बोलत सुटेल." आता सुटणारच. सख्खी नात नसलीस म्हणून काय झालं, बहिणीची नात ती माझीच. मार्क कमी पडले ते लपवायचे, आणि तेही माझ्यापासून? अगं, मला इंग्रजीत बावीस पडले होते. शंभरात. हे तुला ठाऊक नाही, कारण घरात मी कुणालाच धड सांगितलेलं नाही. बोलायला बसले की विषय भलतीकडे जातो, म्हणून लिहूनच काढते.

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं असतील. मी एकतीस-बत्तीसची. मरोळला चाळीत एक खोली, आणि तुझे आजोबा बोटीवर. बोटीवर म्हणजे नऊ-नऊ महिने समुद्रात. पत्र यायचं ते कुठल्या तरी बंदराचं, आणि वाचेपर्यंत बोट तिथून निघालेली असायची. मूल नव्हतं तेव्हा. मी अंधेरीच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. लांब टेबल, सहा बायका. गोळ्यांची स्ट्रिप खोक्यात, सोबत माहितीचा घडी घातलेला कागद, वरून झाकण. त्या कागदाला आम्ही चिठ्ठी म्हणायचो. दिवसाला शेकड्यांनी घड्या घालायच्या, बोटांना वेगळा विचार करावा लागायचा नाही.

आमच्या स्टोअरचा क्लार्क पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता. आमच्या सुपरवायझरसाहेबांना माझं अक्षर आवडायचं. ते म्हणाले, "बाई, तू मॅट्रिक असतीस तर मी तुलाच बसवली असती." बोलून गेले ते, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी गावाला नववीपर्यंत शिकलेली, मग लग्न. चौकशी करून सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. मार्चला बसले. मराठी, इतिहास, गणितसुद्धा निघालं. इंग्रजी राहिलं. बावीस.

साहेबांकडे निकाल घेऊन गेले. त्यांनी तो बघितला, परत दिला. म्हणाले, "ऑक्टोबरला एकच विषय ना? जानेवारीपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो. त्याच्यापुढे वरचे लोक ऐकणार नाहीत." म्हणजे एक पेपर आणि एक खुर्ची, मधे पाचेक महिने. त्या खुर्चीचं मला काय एवढं होतं विचारशील, तर उभं राहून पाय सुजायचे हे एक. आणि दुसरं म्हणजे घरी गेल्यावर, "आज काय झालं?" असं विचारणारं कुणी नव्हतं, तर निदान आपल्याला स्वतःला सांगण्यासारखं काहीतरी घडावं असं वाटायचं.

अभ्यास कसा करायची सांगू? दाराच्या आतल्या बाजूला खडूने रोज दहा शब्द लिहायचे, अर्थासकट. पोळी लाटता लाटता बघायचे. व्याकरणात ते एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं असतं ना, डायरेक्ट-इनडायरेक्ट, त्याला खरं तर दोघं लागतात. मी एकटीच दोघं व्हायची. खिडकीपाशी उभी राहून म्हणायची, "मी उद्या येईन." मग मोरीपाशी जाऊन सांगायची, तो म्हणाला की तो दुसऱ्या दिवशी येईल. शेजारची म्हातारी एकदा कडी वाजवून बघून गेली, पाहुणे आलेत का म्हणून.

आणि उतारे. उतारा वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा, त्याला वीस मार्क. गाईडमध्ये चाळीस उतारे होते, उत्तरांसकट. मी काय केलं, तर ते पाठ केले. हसू नकोस. स्तोत्रं पाठ, आरत्या पाठ, मराठीतल्या कविता, इतिहासातल्या सनावळ्या, सगळं मी पाठ करूनच पास झालेली. मार्चच्या पेपरात जो उतारा आला तो माझ्या सत्ताविसातला नव्हता. तेवढेच झाले होते तोपर्यंत. त्यात दीपगृह होतं. माझ्या पाठातल्या एका उताऱ्यात बोट होती. दोन्ही समुद्राचेच म्हणून मी बोटीच्या उताऱ्याची उत्तरं लिहून आले, एकही शब्द न चुकता. वर समाधान असं की उरलेले तेरा झाले की ऑक्टोबरला अडचण नाही.

रविवारी मी पार्ल्याला एका वाचनालयात जाऊन बसायची. मरोळहून बसने. चाळीत रविवारी नळापासून रेडिओपर्यंत सगळं एकदम चालू असायचं. तिथे बाकावर समोर एक कॉलेजातली मुलगी बसायची, दोन वेण्या, जाड चष्मा. एकदा मी डोळे मिटून पुटपुटत होते तर तिने हळूच विचारलं,

"ताई, काय पाठ करताय?"

"उतारा. एकतिसावा."

"गाईडमधला?"

"हो. चाळीस आहेत."

ती हसली नाही. हसली असती तर मी पुन्हा त्या बाकावर बसले नसते. तिने माझं गाईड ओढून घेतलं आणि म्हणाली, "ताई, हे कधीच येत नाहीत. तुम्ही आधी बघितलेला नसेल असाच उतारा मुद्दाम देतात. तुम्हाला पाठ किती आहे ते नाही बघत, वाचून किती कळतं ते बघतात."

"मग आधी अभ्यास कशाचा करायचा?"

"वाचण्याचा."

मी गाईड परत घेऊन मिटून ठेवलं. अगं, शाळेच्या शेवटच्या बाकावर झोपा काढणाऱ्या पोरीलासुद्धा हे माहीत असतं. बाजूची मैत्रीण सांगते, बाई ओरडतात, कुठून तरी कानावर पडतं. मला सांगायला वर्षभर कानाजवळ कुणी नव्हतं. फेल झाले त्याचं जेवढं वाटलं नव्हतं तेवढं त्या बाकावर वाटलं.

तिने मला तीन रविवार शिकवलं. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. अडलेल्या शब्दाशी भांडत बसायचं नाही, त्याच्या मागचं-पुढचं वाक्य बघायचं. उत्तर प्रश्नाच्याच वाक्यात बांधायचं. चौथ्या रविवारी ती आली नाही. तिची परीक्षा झाली असावी. नाव विचारायचं राहून गेलं. मी तिच्यासाठी नारळाच्या वड्या केल्या होत्या, त्या पुढचे दोन रविवार डब्यातून नेल्या आणि परत आणल्या. मग मीच खाल्ल्या.

आता न बघितलेले उतारे आणायचे कुठून? इंग्रजी पेपर चाळीत कुणाकडे यायचा नाही. आणि एक दिवस टेबलाशी घडी घालता घालता माझं लक्ष हातातल्या चिठ्ठीकडे गेलं. पाच वर्षं मी तो कागद दुमडत होते, त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. बारीक इंग्रजी, दोन्ही बाजूंनी. फाटकी किंवा वाकडी छापलेली चिठ्ठी टोपलीत टाकायची असायची. मी साहेबांना विचारून टोपलीतली रोज एक घ्यायला लागले. जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर मीच प्रश्न काढायचे. गोळी कधी घेऊ नये? कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये? झोप येत असेल तर काय करू नये? मागच्या कोऱ्या जागेत उत्तरं लिहायची. ड्राउझीनेस, डिझीनेस, अव्हॉइड, कन्सल्ट, असे सगळे आजारी माणसाचे शब्द मला आधी आले. निरोगी माणसाचं इंग्रजी मागाहून.

टेबलावर माझ्या बाजूला जी उभी असायची तिचं-माझं चांगलं होतं. घाटकोपरहून यायची, बोलायला फटकळ. पाच वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो, माझी आमटी, तिची भाकरी. पहिले काही दिवस तिला मजा वाटली. सगळ्यांसमोर म्हणायची, "ए मॅट्रिक, माझ्या सासूला डोस जास्त झाला तर काय होतं, बघ ना त्यात." बायका हसायच्या, मीही. पण जेवणाची सुट्टी अर्धा तास. मी पंधरा मिनिटं चिठ्ठीत घालवायला लागले. ती दोनदा हाका मारायची, मग एकदा, मग नाही. एक दिवस बघते तर तिने डबा पलीकडच्या टोकाला उघडला होता.

मी गेले तिच्याकडे. म्हटलं, "का गं, रागावलीस?"

"मी कशाला रागवू? तू वाच ना. तुला खुर्चीत बसायचंय."

"खुर्चीत बसले म्हणून काय मी बदलणार आहे?"

"खोकी कमी भरली तर वहीत लिहिणार कोण? स्टोअरचा क्लार्क ना? म्हणजे तूच."

ते खरंच होतं. मी त्याचा विचार केला नव्हता. काहीतरी बोलून ते हलकं करायला हवं होतं, पण भोंगा वाजला आणि मी टेबलाशी गेले.

ऑक्टोबरचा पेपर मुलुंडच्या एका शाळेत होता. उतारा आला तो बर्फाच्या मुलखात मधमाश्या पाळणाऱ्या एका माणसाचा. हिवाळ्यात माश्या मरू नयेत म्हणून तो पोळ्याची लाकडी पेटी घोंगडीत गुंडाळून घरात आणतो, आणि रोज कान लावून ऐकतो, गुणगुण आहे की थांबली. तीन-चार शब्द मला माहीत नव्हते. त्यांना तसेच सोडून पुढे गेले, आणि गंमत म्हणजे मी पेपर आहे हे विसरले. त्या माश्या जगल्या की नाही एवढंच मला हवं होतं. जगल्या. मग प्रश्न सोडवले.

फाटकाबाहेर पोरांचे आईबाप उभे होते, पाण्याच्या बाटल्या घेऊन. कसा गेला, कसा गेला, सगळीकडे तेच चाललेलं. मला तो मधमाश्यांचा माणूस कुणाला तरी सांगायचा होता. बसमध्ये बाजूला एक बाई होती. मी सुरुवात केली, "आज मी काय वाचलं माहितीय," तर तिने मुलाला मांडीवर घेतलं आणि खिडकीकडे वळली. घरी येऊन आजोबांना पत्रात सगळा उतारा मराठीत लिहिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: "माश्यांचे समजले. प्रकृतीस जपणे. येताना घड्याळ आणू की रेडिओ?"

सेहेचाळीस पडले. साहेबांनी शब्द पाळला. जानेवारीत मी स्टोअरमध्ये बसले. जाळीची खोली, टेबल, खुर्ची, वही. जाळीतून आमचं पॅकिंगचं टेबल दिसायचं, मधे एक बोळ तेवढा. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन गेले. माझ्या जागेवर नवी मुलगी होती. बायकांनी सरकून जागा दिली. बोलणं मात्र मी यायच्या आधी चाललेलं असावं, ते थांबलं. घाटकोपरची ती म्हणाली, "बसा ना." मला बसा म्हणाली ती. पाच वर्षं अगं-तुगं करणारी. मी जेवले, तोंड धुतलं, परत आले. दुसऱ्या दिवसापासून जाळीतच जेवायला लागले.

मला वाटायचं, एकदा तरी ती येईल. तिलाही वाटलं असेल, खुर्चीवरची उठून येईल. मी वही लिहायचे, मान वर केली की तिची पाठ दिसायची. आवाज दिला असता तर ऐकू गेला असता तिला. नाही दिला. तीन वर्षं अशी गेली, मग ते पॅकिंग खातं दुसरीकडे हलवलं आणि ती त्याच्याबरोबर गेली. इंग्रजी मी कमावलं, त्याचं मला आजही बरं वाटतं, खोटं नाही सांगत. पण तो बोळ ओलांडायला काही शिक्षण लागत नव्हतं.

तर असं आहे. तू परीक्षा सोडू नकोस, आणि दार लावून एकटी अभ्यास करू नकोस. तू येशील म्हणून वाट बघत बसण्याची चूक मी आता करणार नाही, सरळ बोलावतेच. या रविवारी ये. पुस्तक आण, पेन्सिल आण. उतारा तू वाच, प्रश्न मी विचारते, चष्मा लावून अजून वाचता येतं मला. चुकलीस तर ओरडेन आणि मग जेवायला वाढेन. आईलाही आण. दुपारच्या उन्हाआधी पोचा, बसस्टॉपवर मी उभी राहीन.